किटलीचे वजन

हिवाळा सुरू झाला आणि मुलांना नाताळची सुटी लागली की अनेक घरांत दोन दिवस रानाच्या जवळ तंबूत मुक्काम करण्याचे बेत शिजू लागतात. तंबू, अंथरुणे, विजेऱ्या, औषधे, कोरडा फराळ अशा याद्या तयार होतात. या याद्यांत किटलीला सहसा शेवटची ओळ मिळते. चहापुरते एखादे भांडे निघताना उचलले की झाले, अशी समजूत असते. परंतु ज्या घरात उकळलेल्या पाण्याचे व्रत पाळणारी वडीलधारी व्यक्ती आहे, तेथे ही समजूत पुरत नाही. ती व्यक्ती सोबत येणार की घर राखणार, हे बऱ्याच वेळा त्या एका भांड्यावर ठरते.

यवतमाळमधील एका कुटुंबात असेच घडत होते. आजींचे वय ७४. वीस वर्षांपासून त्या केवळ उकळलेले पाणी घेतात आणि सूर्यास्तानंतर पाणीही घेत नाहीत. मुलगा, सून आणि दोन नातवंडे दरवर्षी कुठे ना कुठे मुक्कामी जात. कधी पैनगंगेवरील सहस्रकुंडाच्या धबधब्याकडे, कधी एखाद्या परिचिताच्या शेतावर. आजी दरवर्षी नकार देत. “माझ्या घोटभर पाण्यासाठी सगळ्यांची धावपळ नको,” एवढे एकच वाक्य त्या बोलत आणि विषय मिटवून टाकत. त्यात रुसवा नव्हता. इतरांना आपला भार होऊ नये, ही त्यांची खरीखुरी काळजी होती.

या वेळी बेत टिपेश्वरचा होता. टिपाई देवीच्या नावावरून ओळखले जाणारे हे अभयारण्य १९९७ मध्ये घोषित झाले. त्याचे क्षेत्रफळ सुमारे १४८ चौरस किलोमीटर असून ते पांढरकवड्याजवळ, सागवानी रानात आणि गवताळ कुरणांत पसरले आहे. येथील वाघांची कीर्ती आता दूरवर पोहोचली आहे. २०१९ मध्ये येथून बाहेर पडलेला, रेडिओ कॉलर लावलेला एक तरुण वाघ १,३०० किलोमीटरहून अधिक भटकंती करून बुलढाणा जिल्ह्यातील ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला होता. त्या वाघाची हकिकत ऐकून धाकटा नातू म्हणाला, “एवढा चालला आणि सोबत काहीच सामान नाही!” मग आजीकडे वळून त्याने विचारले, “आजी, तू का नाही येत? तुझं सामान तर फक्त पाणीच आहे.”

मुलाचे बोलणे बालिश असले तरी त्याने नेमके वर्म सांगितले होते. आजींचे सामान म्हणजे पाणीच होते. आणि प्रवासात पाण्याइतके जड सामान दुसरे नसते. सून म्हणाली, “आई, या वेळी पाण्याचे आमच्यावर सोडा. तुम्ही फक्त हो म्हणा.” आजींनी हो म्हटले नाही, पण नाहीही म्हटले नाही. तेवढ्यावर घरात किटलीचा शोध सुरू झाला.

सगळे पाणी घरीच उकळून का नेऊ नये, हा पहिला प्रश्न. एका दिवसाच्या सहलीला ते चालते. परंतु उकळलेल्या पाण्यालाही काळाची मर्यादा आहे. श्वेतांबर परंपरेत ती चातुर्मासात तीन प्रहर, हिवाळ्यात चार प्रहर आणि उन्हाळ्यात पाच प्रहर, म्हणजे अनुक्रमे सुमारे ९, १२ आणि १५ तास मानली जाते. दिगंबर परंपरेतील मर्यादा वेगळी आहे. प्रत्येक घर आपल्या परंपरेप्रमाणे आणि गुरुजनांच्या सांगण्याप्रमाणे वागते. या कुटुंबाला चार प्रहरांचा हिशेब पाळायचा होता. दोन दिवसांच्या मुक्कामात पाणी तेथेच आणि रोज उकळणे अपरिहार्य होते.

दुसरा प्रश्न, पाणी कोठले? आपल्या जिल्ह्यातील अनेक गावांच्या, विशेषतः पांढरकवडा परिसरातील गावांच्या, भूजलात फ्लोराइडचे प्रमाण मर्यादेपेक्षा अधिक आढळते. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात ते लिटरमागे १ मिलिग्रॅमपर्यंत असावे आणि दुसरा स्रोतच नसेल तर १.५ मिलिग्रॅमपर्यंत चालवून घ्यावे. उकळल्याने रोगजंतू मरतात, पण विरघळलेले फ्लोराइड जात नाही. उलट पाणी आटले की त्याचे प्रमाण किंचित वाढते. म्हणून अनोळखी हातपंपावर किटली भरून ती उकळली की पाणी निर्दोष झाले, असे मानणे चूक आहे. दोन दिवसांनी कोणाचे हाड दुखत नाही, हे खरे. पण जी गावे हेच पाणी वर्षानुवर्षे पितात, त्यांच्या मुलांच्या दातांवरील डाग या फरकाची साक्ष देतात. या कुटुंबाने न उकळलेले पाणी घरूनच कॅनमध्ये भरून मोटारीत ठेवायचे आणि मुक्कामी लागेल तसे गाळून उकळायचे ठरवले.

आता किटलीकडे वळू या. घरातील मुलगा हिशेबी स्वभावाचा. त्याने एक वही घेतली आणि प्रत्येक पर्यायाचा जमाखर्च मांडला.

स्वयंपाकघरातील स्टीलचा झाकणाचा गंज हा पहिला पर्याय. तो मजबूत, धुण्यास सोपा आणि नव्या खर्चाविना मिळणारा. पण त्याला तोटी नाही. उकळते पाणी बाटलीत ओतायचे तर सांडशीने गंज तिरका करावा लागतो आणि उघड्यावर, खाली दगडगोटे असताना, हे काम भाजण्याचे निमंत्रण ठरते.

दुसरा पर्याय विजेच्या किटलीचा. घरात तिच्यासारखे सोयीचे साधन नाही, परंतु तंबूत तिला १,५०० वॅटची वीज कोण पुरवणार? मोटारीच्या सॉकेटवर चालणाऱ्या किटल्या बाजारात मिळतात. त्यांची शक्ती साधारण १२० वॅट असते. हिवाळ्याच्या सकाळी २० अंशांवर असलेले एक लिटर पाणी उकळण्यास सुमारे ८० किलोकॅलरी उष्णता लागते. एवढी उष्णता १२० वॅटने मिळवायची तर थोडीही उष्णता वाया न जाता पाऊण तास लागतो. प्रत्यक्षात त्याहून अधिक. तीन लिटरसाठी सकाळ संपून जाईल आणि गाडीची बॅटरीही.

तिसरा पर्याय काटक्यांवर चालणाऱ्या किटलीचा. आयर्लंडमधील मच्छीमारांमुळे प्रसिद्धीस आलेल्या या किटलीच्या मधोमध एक धुराडे असते आणि त्याच्याभोवती पाणी. मराठी वाचकाला यात नवल वाटू नये, कारण आपल्या आजोळच्या न्हाणीघरातील तांब्याचा बंब नेमका याच तत्त्वावर चालत असे. मूठभर काटक्यांत पाणी उकळते आणि इंधन विकत घ्यावे लागत नाही. पण टिपेश्वरच्या आसपास हे साधन नको. सागाची वाळलेली पाने जमिनीवर अंथरलेली असतात. वाऱ्याने उडालेली एक ठिणगी पुरते. महाराष्ट्रात फेब्रुवारीच्या मध्यापासून जूनच्या मध्यापर्यंतचा काळ वणव्यांचा म्हणून ओळखला जातो, तरी वाळलेले गवत डिसेंबरातही पेट घेतेच. राखीव वनात विस्तव पेटवणे हा १९२७ च्या भारतीय वन अधिनियमानुसार गुन्हा आहे. शिवाय वाळक्या काटक्यांच्या सालीखाली किती जीव आसरा घेऊन असतात, हे आजींनी न सांगताच घरात सर्वांना ठाऊक होते.

राहिली छोट्या गॅसच्या शेगडीवर ठेवायची साधी किटली. तिच्यात धातूचा प्रश्न येतो. स्टीलची घनता पाण्याच्या जवळजवळ आठपट, टायटेनियमची साडेचारपट आणि ॲल्युमिनियमची २.७ पट असते. त्यामुळे एक लिटरची स्टीलची किटली साधारण ३५० ते ५०० ग्रॅम भरते, तर ॲल्युमिनियमची सुमारे २०० ग्रॅम. टायटेनियम मजबूत असल्याने त्याचा पत्रा अगदी पातळ ठेवता येतो आणि किटली १५० ग्रॅमपर्यंत खाली येते. किंमत मात्र अनेक पटींनी वर जाते. मुलाचा कल टायटेनियमकडे होता. हौशी गिर्यारोहक तेच वापरतात, असे त्याने ऐकले होते.

वहीतील आकड्यांनीच त्याला थांबवले. ॲल्युमिनियम आणि टायटेनियम यांच्या वजनांतील फरक ५० ग्रॅमचा. ५० ग्रॅम म्हणजे अर्धा कप पाणीसुद्धा नव्हे. जो गिर्यारोहक आठ-दहा दिवस सर्व सामान पाठीवर वाहतो, त्याला हे ५० ग्रॅम मोलाचे असतील. पण ज्या कुटुंबाच्या गाडीत २० लिटरचा कॅन आहे, त्याने त्यासाठी एवढी रक्कम मोजणे म्हणजे रुपयाच्या व्यवहारात पैशाची बचत करण्यासाठी वकील लावण्यासारखे आहे. शिवाय टायटेनियम उष्णता मंदपणे पसरवते. ॲल्युमिनियम त्याहून किमान दहापट उष्णतावाहक असल्याने त्याचा तळ सर्वत्र सारखा तापतो.

ॲल्युमिनियमबद्दल अनेक घरांत शंका असते आणि ती सर्वस्वी निराधार नाही. आंबट व खारट पदार्थ या धातूला झिजवतात. म्हणून साध्या पत्र्याच्या किटलीत लिंबाचा चहा किंवा काढा उकळू नये. हार्ड ॲनोडाइज्ड किटलीवर ऑक्साइडचा जाड, कठीण थर चढवलेला असतो आणि तिच्यात केवळ पाणी उकळले तर काळजीचे कारण राहत नाही. ज्यांना तरीही ॲल्युमिनियम नको असेल त्यांनी निःशंकपणे स्टील घ्यावे. दोनशे ग्रॅम अधिक वाहून मनाची शांती मिळत असेल तर तो सौदा तोट्याचा नाही. तांब्या-पितळेची जुनी किटली मात्र आतून कल्हई असल्याशिवाय चहासाठी काढू नये.

इंधनाचा हिशेब सोपा निघाला. एक ग्रॅम गॅस जळून सुमारे ११ किलोकॅलरी उष्णता देतो. निम्मी उष्णता वाऱ्यावर गेली असे धरले तरी लिटरभर पाण्याला १५ ग्रॅम गॅस पुरतो. २३० ग्रॅमच्या एका छोट्या कॅनिस्टरमध्ये १५ लिटर पाणी उकळते. आजींना दिवसाला तीन लिटर धरले तर दोन दिवसांत सहा लिटर. उरलेल्यात सर्वांचा चहा. एक कॅनिस्टर पुरेसा. हे कॅनिस्टर रेल्वेने नेण्यास मनाई आहे, म्हणून लांबच्या प्रवासात ते मुक्कामाच्या शहरातच घ्यावे लागते. शेगडी तंबूच्या आत कधीही पेटवू नये. बंद जागेत साचणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि झोपलेल्या माणसाला तो जागे होऊ देत नाही. वाऱ्याला आडोसा करावा, पण कॅनिस्टर चारही बाजूंनी झाकून तापू देऊ नये.

आता आकार. मुलाने गणित मांडले की दीड लिटरची किटली घेतली तर तीन लिटर पाणी दोन खेपांत होते. एक लिटरची घेतली तर तीन खेपा. वजनातील फरक थोडाच. दीड लिटरची घ्यावी, हे वहीवरून निर्विवाद होते. ओळखीच्या दुकानदाराकडून त्याने दोन्ही मापांच्या किटल्या पाहण्यासाठी घरी आणल्या.

सुनेने मात्र वही बाजूला ठेवली. तिने दोन्ही किटल्या थंड पाण्याने काठोकाठ भरल्या आणि आजींना म्हणाली, “आई, जरा यातले पाणी या बाटलीत ओतून दाखवता?”

दीड लिटरची किटली आजींनी उचलली. रिकामी असताना पाव किलोच्या आसपास असलेली ती किटली आता पावणेदोन किलोची झाली होती. संधिवाताने आखडलेले त्यांचे मनगट थरथरले आणि निम्मे पाणी ओट्यावर सांडले. ते पाणी उकळते असते तर काय झाले असते, हे कोणी बोलून दाखवले नाही. मग त्यांनी लहान किटली घेतली. सव्वा किलोचा तो भार त्यांनी डाव्या हाताच्या आधाराने सावरला आणि बारीक धारेने बाटली भरली. एक थेंबही बाहेर गेला नाही.

मुलगा काही क्षण गप्प राहिला. मग त्याने वहीतील शेवटच्या बेरजेवर रेघ मारली.

इतके दिवस तो रिकाम्या किटलीचे वजन मोजत होता. दुकानातील चिठ्ठीवर तेच लिहिलेले असते आणि खरेदी करणारा तेच वाचतो. वापरणाऱ्याच्या हाताला मात्र भरलेली आणि तापलेली किटली पेलायची असते. तिसऱ्या खेपेची पाच-सहा मिनिटे या घराला सहज परवडणारी होती. आजींना आपले पाणी आपल्या हाताने करता येणे, ही गोष्ट कुठल्याही बचतीपेक्षा मोठी होती. “माझ्यासाठी धावपळ नको” या त्यांच्या जुन्या वाक्याला इतक्या वर्षांत कोणी उत्तर देऊ शकले नव्हते, कारण प्रत्येक जण त्यांना “आम्ही करू” असेच सांगत होता. आपल्याला कोणी काही करून द्यावे यासाठी त्या अडलेल्या नव्हत्या. कोणाला सांगावे लागू नये, एवढेच त्यांना हवे होते.

पुढची निवड आजींनी स्वतः केली. तोंड इतके रुंद हवे की पाणी गाळण्याचे दुहेरी कापड त्यावर नीट बसेल आणि आत हात घालून कोरडे पुसता येईल. लांब, वाकड्या तोटीत डोकावून पाहता येत नाही, तेथे ओल राहते आणि किडा-मुंगी शिरते. म्हणून आखूड, सरळ तोटी. कडी उभी राहणारी आणि उष्णता न लागणारी. झाकण घट्ट, ओतताना न निसटणारे. तळ पसरट, म्हणजे छोट्या शेगडीवर किटली डगमगत नाही आणि ज्योतही बाहेर वाया जात नाही. आणि या किटलीत पाण्याशिवाय दुसरे काही उकळायचे नाही. चहासाठी वेगळे पातेले.

डिसेंबरच्या अखेरीस हे कुटुंब पाच जणांचे होऊन निघाले. अभयारण्याच्या आत तंबू ठोकता येत नाही, म्हणून मुक्काम बाहेर, एका परिचिताच्या शेतावर होता. पहाटेची फेरी त्यांनी जाणीवपूर्वक सोडली आणि दुपारची घेतली. सूर्योदयानंतर आजींनी शेगडीजवळ बसकण मांडली. आपला भाग समुद्रसपाटीपासून काहीसा उंच असल्याने पाणी १०० अंशांच्या किंचित खालीच उकळते. त्याने काही बिघडत नाही. खळखळून उकळी आल्यावर एक मिनिट तसेच उकळू दिले की रोगजंतूंच्या दृष्टीने ते पुरेसे मानले जाते. दोन हजार मीटरच्या वर मात्र तीन मिनिटे द्यावी लागतात. आजींनी आपल्या पद्धतीने तीन उकाळे येऊ दिले.

थंड करण्याचा विचार न केल्याने अनेकांची फजिती होते. झाकलेल्या किटलीत लिटरभर पाणी पिण्याजोगे होण्यास दीड-दोन तास लागतात. पसरट परातीत ते बरेच लवकर निवते. या दिवसांत यवतमाळ परिसरात सूर्य पावणेसहाच्या सुमारास मावळतो. सायंकाळी फेरीवरून परतल्यावर पाणी तापवायला घेतले असते तर ते निवेपर्यंत पाणी घेण्याची वेळ उलटून गेली असती. सकाळीच तीन खेपा करून, परातीत निववून, बाटल्या भरून ठेवल्याने दिवसभराची चिंता मिटली. चार प्रहरांची मर्यादाही सूर्यास्ताआधी संपत नव्हती.

त्या दुपारी वाघ दिसला नाही. चितळांचा कळप दिसला, नीलगायी दिसल्या आणि एका वळणावर धुळीत उमटलेले वाघाचे पाऊल दिसले. परतताना धाकट्या नातवाला तहान लागली. त्याची स्वतःची बाटली केव्हाच रिकामी झाली होती. आजींनी पिशवीतून आपली बाटली काढून त्याच्या हातात दिली. त्याने गटागटा पाणी पिऊन विचारले, “आजी, तुला पुरेल ना?”

“पुरेल,” आजी म्हणाल्या. “उद्या सकाळी पुन्हा करीन.”

किटली घेऊ इच्छिणाऱ्या घरांना यातून एवढेच सांगावेसे वाटते की धातू, किंमत आणि चिठ्ठीवरील वजन अवश्य पाहावे, पण निर्णय त्यावर सोडू नये. ती पाण्याने काठोकाठ भरावी आणि जिच्या किंवा ज्याच्या हाती ती उद्या असणार आहे, त्या हातात देऊन एकदा ओतायला सांगावे. बाकीचा हिशेब त्यानंतर मांडता येतो.